नर्मदा परिक्रमा एकट्याने की सोबतीने? इंदूरहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवउठनी म्हणजे कार्तिकी एकादशी जवळ आली की इंदुरातल्या मराठी घरांत परिक्रमेच्या गोष्टी सुरू होतात. आपल्या नळाला नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढून नर्मदा मैयाचंच पाणी येतं, त्यामुळे ओढ असणारच. "जायचं का?" हे बहुतेकांचं ठरलेलं असतं. अडतं ते "कुणाबरोबर?" यावर. खालचे प्रश्न त्याबद्दलचे आहेत.

आधी थेट उत्तर द्या: एकट्याने निघावं की समूहाने?

पायी जाणार असाल तर दोघांनी, फार तर चौघांनी. दोघंही जमत नसतील तर एकट्याने निघा, पण शूलपाणीची झाडी (बडवानीनंतरचा डोंगराळ जंगलाचा पट्टा), समुद्रातली नाव आणि जंगलातले लांब टप्पे यांसाठी वाटेत सोबत धरा. सहाहून अधिक जणांनी पायी जाण्याचा बेत आम्ही सुचवत नाही. तेवढे जण असतील तर गाडीने करा.

सोबत वाढली की चालायला किती दिवस जास्त लागतात?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बरेच. अमरकंटक ते खंभातचं आखात अशी नदीची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरले तर २,६०० होतात आणि धरणांच्या फुगवट्यामुळे पडणारे वळसे धरून चाल ३,००० च्या घरात जाते. रोज २२ किलोमीटर म्हटलं तर चालण्याचे १३६ दिवस. दर सहा दिवसांनी एक दिवस विश्रांती धरली तर आणखी २२. नावेची वाट, ताप, पायाचे फोड यांसाठी १० दिवस. म्हणजे साधारण १६८ दिवस. नोव्हेंबरच्या मध्यावर ओंकारेश्वरहून निघालेला माणूस एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला तिथेच परत येतो.

सहा-सात जण असले की वेग सगळ्यांत मंद चालणाऱ्याचा होतो. शिवाय सकाळी पिशव्या बांधणं, शौच, चहा यांतच तास-दीड तास जातो आणि निघेपर्यंत ऊन चढतं. रोजची चाल १८ वर आली की हाच हिशेब २०४ दिवसांचा होतो. मग परतीचे टप्पे मे-जूनच्या उन्हात येतात आणि पुढे आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो. चातुर्मासात चालायचं नसतं, चार महिने एका ठिकाणी मुक्काम करावा लागतो. वाटेत असे अडकलेले समूह बहुतेक वेळा तिथेच फुटतात. म्हणून किती जण हे ठरवताना पंचांग समोर ठेवा.

चौघांपर्यंतच, असा आग्रह का?

कारण काठावरच्या लहान गावातला आश्रम. तिथे बहुधा एक खोली, एक ओसरी, एक हातपंप आणि एक चूल असते. चौघं आले तर सामावतात. दहा जण आले तर त्यांच्या मागून येणाऱ्या एकट्या परिक्रमावासीला उघड्यावर झोपावं लागतं.

दुसरं कारण सदाव्रताचं. अनेक ठिकाणी तयार जेवण मिळत नाही, कोरडा शिधा मिळतो आणि तो आपण शिजवायचा असतो. माणशी साधारण १५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम डाळ धरा. चौघांचं ६०० ग्रॅम पीठ आणि पाव किलोला थोडी कमी डाळ तीन लिटरच्या एका पातेल्यात आणि एका तव्यावर तासाभरात उरकतं. टिक्कड जाड थापले तर आणखी लवकर. आठ जणांना मात्र दोन चुली किंवा दोन पंगती लागतात, जेवायला रात्रीचे नऊ वाजतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला कुणी उठत नाही.

तिघंही चांगले. एक आजारी पडला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि एक औषधाला जातो. दोघांत ही सोय राहत नाही, पण दोघांची चाल एकमेकांशी सगळ्यांत लवकर जुळते.

कोणत्या टप्प्यांवर एकटं जाऊ नये?

ओंकारेश्वरहून निघाल्यावर मैया उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने पश्चिमेकडे जायचं असतं. पहिला अवघड टप्पा बडवानीनंतर येतो. बडवानी, नंदुरबारमधला धडगावचा भाग आणि पुढे गुजरात, ही शूलपाणीची झाडी. एके काळी इथे परिक्रमावासींची लूट व्हायची आणि ती भीती घराघरात अजून आहे. आज त्याच पाड्यांमधले आदिवासी बांधव वाटसरूला भाकरी आणि अंथरूण देतात. आता धोका वेगळा आहे. २०१९ मध्ये सरदार सरोवर १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं आणि काठाच्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. नव्या वाटा डोंगरावरून जातात, फाटे खूप आहेत, मोबाइलला रेंज तुटक मिळते आणि दोन वस्त्यांमध्ये कित्येक तास पाणी नसतं. पाय मुरगळलेल्या एकट्या माणसाला तिथे संध्याकाळपर्यंत कुणी दिसेलच असं नाही. या टप्प्यात माणशी तीन लिटर पाणी घ्या, दुपारी तीननंतर नवा डोंगर चढायला घेऊ नका आणि फाट्यावर पुढे गेलेल्याने मागच्याची वाट पाहायची हे कटाक्षाने पाळा. समूहातली माणसं हरवतात ती नेमकी फाट्यावर, कारण पुढच्याला वाटतं मागचा येतोच आहे.

दुसरा टप्पा समुद्राचा. अंकलेश्वरच्या पुढे हांसोट तालुक्यात कटपोर-विमलेश्वरच्या बाजूने नाव सुटते आणि उत्तर तटावर मीठी तलाईला उतरवते. नाव भरतीवर चालते, त्यामुळे वेळ रोज बदलते. कधी मध्यरात्री निघावं लागतं, तर कधी एक-दोन दिवस थांबावं लागतं. प्रवास तीन-चार तासांचा. इथे एकटा काय आणि समूह काय, पुरेशी माणसं जमल्यावरच नाव निघते. मोठ्या समूहाला मात्र एका नावेत जागा न मिळाल्याने दोन भागांत जावं लागू शकतं, म्हणून पलीकडे कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. चढण्याआधी शौचाला जाऊन या, जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि फोन व कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. उतरताना चिखलातून चालावं लागतं, त्यामुळे चपला हातात आणि दंड म्हणजे काठी टेकत जा.

तिसरा, जंगलाचे पट्टे. उत्तर तटावर ओंकारेश्वर ते नेमावर आणि पुढे अमरकंटकच्या आसपास वस्ती विरळ होते. अमरकंटक समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे. तिथे थंडीत पोहोचलात तर रात्री कडाक्याच्या असतात आणि भिजलेल्या कपड्यांनिशी एकट्याने वाट चुकणं जिवावर बेतू शकतं.

महेश्वरच्या अहिल्याबाईंच्या घाटांपासून मंडलेश्वर-बडवाहपर्यंतचा पट्टा, नर्मदापुरम-हंडियाची बाजू, भरूच ते चांदोद हे सगळे भाग निवांत एकट्याने चालण्याचे आहेत. तिथे सोबत्यांनीही दिवसभर वेगवेगळं चालून संध्याकाळी मुक्कामावर भेटावं.

एकट्याने निघालो तर वाटेत सोबत खरंच मिळते का?

कार्तिकी एकादशीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत निघालात तर हमखास मिळते. बहुतेक जण त्याच सुमारास निघतात आणि आश्रमांत तेच चेहरे पुन्हा पुन्हा भेटतात. आठवडाभर एकमेकांची चाल पाहून झाडीच्या आधी बडवानीला जोड्या जमतात. या जोड्या घरून ठरवून आणलेल्यांपेक्षा अनेकदा जास्त टिकतात, कारण पायाचा वेग आधी जुळलेला असतो. जानेवारीनंतर निघालात तर वाट रिकामी मिळेल, तेव्हा सोबत घरूनच आणा.

एकट्या बाईने जावं का?

जाणाऱ्या बायका आहेत आणि काठावर "माताराम" म्हणून मान मिळतो. तरी पायी परिक्रमेला दोन बायकांनी जोडीने जाणं आम्हाला योग्य वाटतं. अडचण चालण्यापेक्षा मुक्कामाची जास्त असते. स्वतंत्र खोली, कडी लागणारं स्नानगृह आणि आश्रमात दुसरी बाई, या तीन गोष्टी सगळीकडे नसतात. दुपारी चारपर्यंत गावात पोहोचलात तर जागा पाहून नको वाटल्यास पुढचं गाव गाठता येतं. अंधार पडल्यावर आलात तर जे असेल ते घ्यावं लागतं. आश्रम बरा वाटला नाही तर शाळा, पंचायत किंवा गावातल्या एखाद्या कुटुंबाकडे विचारा. बाईला ओसरी नाकारणारं घर विरळा.

पाळीच्या दिवसांत काय, हा प्रश्न बायका संकोचाने विचारतात. प्रत्येक आश्रमाची रीत वेगळी असते. चालणं थांबत नाही. पूजा तेवढी सोबतच्या बाईने करायची, ही प्रथा बहुतेक ठिकाणी मान्य आहे. समूहात पुरुष असतील तर हे निघण्याआधी मोकळेपणाने बोलून ठेवा, म्हणजे त्या दिवशी कुणाला कारणं द्यावी लागत नाहीत.

समूह ठरला. निघण्याआधी कोणत्या गोष्टी ठरवून घ्याव्यात?

समूह श्रद्धेत कमी पडला म्हणून तुटतो असं फारसं होत नाही. तो तुटतो उठण्याच्या वेळेवरून, पैशांवरून आणि आजारी माणसावरून. या तिन्हींचं बोलणं घरी बसून, शक्यतो कागदावर लिहून करा.

उठण्याची वेळ एकच ठेवा. पहाटे चार की सहा, यावर घरी एकमत झालं नाही तर वाटेत कधीच होणार नाही.

पैशांसाठी सामायिक डबा करा. माणशी समान रक्कम, एकाकडे डबा, दुसऱ्याकडे वही. औषध, फोनचं रिचार्ज आणि स्वतःहून दिलेलं दान हा ज्याचा त्याचा खर्च. डबा दर पंधरवड्याला मोजा.

आजारपणाचा नियम असा ठेवावा: पहिले दोन दिवस सगळे थांबतात. तिसऱ्या दिवशी एक जण आजाऱ्याजवळ राहतो आणि बाकीचे पुढे जातात. पाचव्या दिवशीही ताप असेल तर आजारी माणूस घरी जातो आणि त्याला थांबवायचा आग्रह कुणी करायचा नाही. हा नियम कठोर वाटतो. पण तो आधी ठरला नसेल तर आजारी माणूस इतरांना अडवल्याच्या भावनेने तापातच चालू लागतो आणि मग खरोखर रुग्णालय गाठावं लागतं.

शेजारी, भाचा, भजनी मंडळातले मित्र यांपैकी कुणाला घ्यावं? जो आठवडाभर तुमच्याबरोबर गप्प बसू शकतो त्याला. आणि समूहात एकाला तरी गुजराती कळत असेल तर फार बरं. निमाडपर्यंत आपली हिंदी चालते, पण अंकलेश्वरच्या पुढच्या खेड्यांत वाट विचारताना गुजराती कामाला येते.

एकत्र जात असलो तर संकल्प आणि सोबत न्यायची नर्मदाजलाची बाटली एकच चालेल का?

नाही. प्रत्येकाचा संकल्प वेगळा, बाटली वेगळी आणि रोजची सकाळ-संध्याकाळची पूजाही ज्याची त्याची. कढई (शिऱ्याचा प्रसाद) आणि कन्यापूजन मात्र एकत्र करता येतं. संकल्प दक्षिण तटावर, ममलेश्वरच्या बाजूच्या घाटावर घ्या. एकदा तो घेतला की मैया ओलांडायची नाही आणि ओंकारेश्वराचं मंदिर बेटावर आहे, म्हणून दर्शन संकल्पाआधी घ्या किंवा परिक्रमा पूर्ण झाल्यावर जल चढवताना. उपनद्या ओलांडायला हरकत नाही. फोटोसह परिक्रमेचं प्रमाणपत्रही प्रत्येकाने स्वतःच्या नावाचं करून घ्या, त्यावर आश्रमांचे शिक्के बसतात. आधारच्या चार छायाप्रती आणि सहा-आठ फोटो सोबत असू द्या.

एकट्याचं ओझं आणि समूहातलं ओझं यांत फरक किती पडतो?

ओझं अंगच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. ७० किलोच्या माणसाला पाण्यासकट सात किलो. दोन जोड कपडे, अंथरूण, चादर, ताट-पेला, बॅटरी, दंड, कमंडलू आणि पूजेची पिशवी एवढ्यातच पाच-साडेपाच किलो होतात. सामायिक वस्तू म्हणजे पातेलं, तवा, औषधांचा डबा, १०,००० एमएएचची पॉवर बँक आणि सुई-दोरा, मिळून सुमारे दोन किलो. चौघांत वाटल्या तर प्रत्येकी अर्धा किलो पडतो. एकट्याने तवा-पातेलं नेऊच नये. एक डबा पुरतो आणि बाकीचं आश्रमात मिळतं.

सामायिक वस्तू वाटताना एक काळजी घ्या. सगळी औषधं एकाकडे आणि सगळे पैसे दुसऱ्याकडे, असं नको. चुकामूक झाली तर दोघांचेही हाल होतात. ओआरएसच्या दोन पुड्या, चिकटपट्टी, दोन हजार रुपये सुट्या नोटांत आणि घरच्यांचा क्रमांक लिहिलेला कागद प्रत्येकाच्या खिशात हवा. झाडीत ऑनलाइन पैसे चालतील या भरवशावर राहू नका.

रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांनी एकट्याने जावं का?

रक्तदाब, मधुमेह आटोक्यात असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल तरच, आणि तेही सोबतीने. साखर अचानक उतरली की माणसाला स्वतःला ते कळेलच असं नाही, सोबत्याला कळू शकतं. सोबत्याला तीन गोष्टी शिकवून ठेवा: लक्षणं कोणती, खिशातली साखर कुठे आहे आणि ती किती द्यायची. गोळ्या महिनाभराच्या घ्या आणि बडवानी, भरूच, जबलपूर, नर्मदापुरम इथे पुन्हा भरा. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात तिन्ही राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ चालतो.

घरच्यांना रोज फोन करावा का?

रोज संध्याकाळी सहा ते सात यांत एक निरोप पुरे: आज कुठे आहे, उद्या कुठे जाणार. समूहात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असू द्या, एकाला रेंज नसली तरी दुसऱ्याला मिळते. झाडीत शिरण्याआधी "आता चार-पाच दिवस फोन लागणार नाही" असं स्पष्ट कळवा आणि पुढचा संपर्क कोणत्या गावाहून होईल ते सांगा. नाहीतर दुसऱ्याच दिवशी घरी घालमेल सुरू होते.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांना गाडीच्या समूहात पाठवलं तर?

चांगला पर्याय आहे. गाडीने १५ ते १८ दिवस लागतात. पैसे भरण्याआधी एवढं विचारा: समुद्र नावेने पार करणार की गाडीने भरूचच्या पुलावरून? नावेने जाणार असतील तर गुडघेदुखी असलेल्यांना चढ-उतार कोण करून देणार? एका खोलीत किती जण? पुढच्या आणि मागच्या जागा आळीपाळीने बदलतात का, कारण शेवटच्या रांगेत पाठीचे हाल होतात. मधून परतावं लागलं तर पैसे किती परत? गाडीला पिवळी पाटी आणि तिन्ही राज्यांत चालणारा पर्यटन परवाना आहे का? खासगी पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं देऊन बसू नका, अपघात झाल्यास विम्याचा दावा अडू शकतो.

घरचे दहा-बारा जण मिळून स्वतः टेम्पो ट्रॅव्हलर करणार असाल तर दिवसाला २०० किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. म्हाताऱ्या माणसांचे पाय बसून बसून सुजतात.

नोकरीमुळे सहा महिने निघणं शक्य नाही. मग?

टप्प्याटप्प्याने करा. इंदूरला राहण्याचा हा मोठाच लाभ आहे: ओंकारेश्वर सुमारे ८०, महेश्वर ९०, नेमावर १२५ आणि बडवानी १५० किलोमीटर. जिथे थांबलात तिथल्या आश्रमात शिक्का घ्या, दिनांक लिहा आणि पुढच्या सुट्टीत तिथूनच चाल सुरू करा. परंपरेच्या दृष्टीने ही अखंड परिक्रमा नव्हे, तेव्हा संकल्प घेतानाच तसं बोला. टप्प्यांसाठी समूह फार सोयीचा, कारण तारखा ठरल्या की कामाच्या धबडग्यात बेत पुढे ढकलला जात नाही.

आपल्याला एकटं जमेल की सोबत हवी, हे आधी कसं ओळखायचं?

चालून. आठ आठवडे आधीपासून आठवड्यातले चार दिवस चाला. पहिल्या आठवड्यात सहा किलोमीटर, मग वाढवत शेवटच्या दोन आठवड्यांत सलग दोन दिवस २० किलोमीटर, पाठीवर सात किलो घेऊन. पिपल्यापालाची सपाट वाट सुरुवातीला आणि रालामंडलची टेकडी नंतर. बूट नेहमीच्यापेक्षा एक माप मोठे घ्या, संध्याकाळपर्यंत पाय सुजतो. फोड येतात ते घामाने ओल्या मोज्यांत कातडी घासल्याने, म्हणून दुपारी मोजे बदला आणि टाच लाल दिसली की फोड येण्याआधीच कागदी चिकटपट्टी लावा.

समूहाची परीक्षा घ्यायची असेल तर कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा या पाच दिवसांत ओंकारेश्वरची पंचक्रोशी यात्रा सोबत्यांबरोबर करा. ती ओंकारेश्वरहून सनावद-बडवाहमार्गे फिरून परत येते. तिसऱ्या दिवशी कोण चिडतं, कोण मागे राहतं आणि कोण न सांगता पाणी आणून देतं, ते दिसतंच. एकट्याची परीक्षा घ्यायची असेल तर चैत्रात गुजरातमधल्या तिलकवाडा-रामपुरा भागात उत्तरवाहिनी परिक्रमा होते. ती एका दिवसात पूर्ण होते आणि गर्दीत एकटं चालणं मानवतं का ते कळतं.

धरणाखालच्या घाटांवर समूहाने स्नानाला उतरताना काय पाहावं?

एक जण काठावर कोरडा उभा राहिलाच पाहिजे. धरणातून पाणी सोडलं की पातळी काही मिनिटांत चढते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला अमावास्येच्या गर्दीत असंच पाणी आलं आणि अनेक भाविक वाहून गेले. भोंगा वाजला की सामान न उचलता वर या. एकटे असाल तर गावकरी जिथे उतरतात तिथेच कमरेपर्यंतच्या पाण्यात स्नान करा.

वाटेत पटेनासं झालं तर समूह सोडणं चुकीचं आहे का?

मुळीच नाही. संकल्प ज्याचा त्याचा असल्यामुळे कुणाचीच परिक्रमा मोडत नाही. मात्र रागाच्या भरात भर रस्त्यात वेगळं होऊ नका. आश्रम, बाजार आणि रेंज असलेलं गाव येईपर्यंत एकत्र चाला. तिथे डबा मोजून पैसे वाटा, औषधं वाटा आणि दोघांच्याही घरी फोन करून वेगळे झाल्याचं सांगा. शूलपाणीत किंवा नावेच्या आदल्या दिवशी वेगळं व्हायचं नाही, एवढं मात्र आधीच ठरवून ठेवा. आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा भेटलात तर "नर्मदे हर" म्हणून शेजारी बसायला हरकत नसते.